सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही, मग मुलाचे पाय आखडत का जातात?

माझी मुलगी चार वर्षांची असताना आधार धरून उभी राहिली की तिच्या टाचा जमिनीला टेकायच्या. साडेपाचव्या वर्षी त्या टेकेनाशा झाल्या. ‘सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही’ हे वाक्य तोवर मला पाठ झालं होतं. मग पाय का आखडत होते? मला दोनच शक्यता दिसत होत्या. निदान चुकलं असावं, नाहीतर व्यायामात मीच कमी पडत असेन. दुसरीच खरी धरून मी तिचे पाय आणखी जोर लावून ताणायला लागले. ती रडायची. मी थांबत नसे.

दोन्ही शक्यता चुकीच्या होत्या. खरं उत्तर कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. ते कळल्यावर आम्ही कशासाठी धावपळ करायची आणि कशासाठी नाही, हे सगळंच बदललं. म्हणून ते इथे नीट उलगडून सांगते.

गर्भात, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या कोवळ्या वयात, म्हणजे मेंदू अजून घडत असताना, हालचाली सांभाळणाऱ्या त्याच्या भागाला इजा झाली किंवा तो भाग नीट घडलाच नाही, तर शरीराची ठेवण आणि हालचाल यांवर कायमचा परिणाम होतो. त्याला सेरेब्रल पाल्सी, थोडक्यात सीपी म्हणतात. एका नावाखाली यात अनेक तऱ्हा आहेत. दहातल्या सुमारे आठ मुलांचे स्नायू ताठर असतात, त्यांना स्पास्टिक म्हणतात. काहींचे हातपाय मनात नसताना पिळवटत राहतात. थोड्या मुलांचा तोल आणि नेम बिघडलेला असतो. कुणाची एकच बाजू, कुणाचे मुख्यतः पाय, कुणाचं सगळं अंग.

‘जन्मल्यावर रडली नव्हती का?’ हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, मोजलं नाही. या प्रश्नाला जुना इतिहास आहे. विल्यम जॉन लिटल या इंग्रज सर्जनने 1861 साली लंडनमध्ये डॉक्टरांच्या सभेत एक निबंध वाचला. अशा मुलांचा ताठरपणा त्याने अवघड बाळंतपण आणि जन्मावेळी गुदमरणं यांच्याशी जोडला. पुढे कितीतरी वर्षं हा आजार ‘लिटलचा आजार’ म्हणूनच ओळखला जाई. मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेले सिग्मंड फ्रॉइड मुळात मेंदूचे डॉक्टर होते. त्यांनी 1897 साली वेगळं म्हणणं मांडलं: अवघड बाळंतपण हे कारण नसून, बाळात आधीच काही बिघडल्याची ती खूण असू शकेल. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक मुलांच्या बाबतीत जन्मावेळी गुदमरणं हे कारण नसतं. दिवस भरायच्या आत जन्म, गर्भातला संसर्ग, गर्भातच मेंदूची रक्तवाहिनी बंद होणं, जनुकांतले बदल, जन्मानंतरची तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर, अशी कितीतरी कारणं आहेत, आणि अनेकदा दोन-तीन एकत्र येतात. बाळंतपणातल्या एखाद्या क्षणाला धरून जी आई वर्षानुवर्षं स्वतःला दोष देते आहे, तिने हे दोनदा वाचावं.

माझी मुलगी कमी दिवसांची. अशा मुलांत पायच जास्त का सापडतात, याचं उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. हालचालीचे निरोप खाली नेणारे तंतू त्यांच्या बाजूने उतरतात आणि पायांचे तंतू पोकळीच्या सगळ्यांत जवळून जातात. कमी दिवसांच्या बाळात नेमका तोच पट्टा नाजूक असतो. इजा तिथे छोटी असली तर पाय आखडतात आणि हात बऱ्यापैकी सुटतात. इजा बाहेरच्या बाजूला पसरली की हातही सापडतात.

आता टाचांकडे येते.

स्नायूला मेंदूकडून फक्त ‘आवळ’ असा हुकूम जात नाही, ‘आवर’ असाही जातो. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, ते काम एकट्या मज्जारज्जूचं. स्नायू झटकन ताणला गेला की मज्जारज्जू त्याला लगेच आवळायला लावतो, आणि मेंदू वरून त्या घाईला आवर घालत असतो. सीपीत हा आवर कमी पडतो. म्हणून स्नायू जितक्या वेगाने ताणाल तितका तो जोराने उलट खेचतो. मी झटके देऊन पाय ताणत होते तेव्हा मी त्याच प्रतिक्षेपाला डिवचत होते, आणि मुलीला दुखत होतं ते वेगळंच.

पण टाचा उचलल्या जाण्याचं मोठं कारण यापुढचं आहे. हाड आपल्या टोकांपाशी लांब होत जातं. स्नायूला मात्र लांब व्हायला रोजची हालचाल लागते: धावणं, उकिडवं बसणं, चढणं, दिवसातून हजारदा ताणलं जाणं आणि सुटणं. ती हालचाल ज्याला मिळत नाही असा ताठर, अशक्त स्नायू हाडाच्या मागे पडतो. पोटरीचं हाड दोन बोटं वाढलं आणि स्नायू एकच बोट वाढला, तर टाच वर जाणारच. मेंदूतली इजा जिथे होती तिथेच असते, मूल वाढत असतं. म्हणून उंची भराभर वाढायच्या काळात पाय अचानक ‘बिघडल्यासारखे’ वाटतात.

ताठरपणा आणि आखडलेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला कुणीतरी फार आधी सांगायला हवं होतं. ताठरपणा निरोपांतून येतो. मूल गाढ झोपलं किंवा त्याला भूल दिली की तो बराचसा उतरतो. आखडलेपणा स्नायूच्या लांबीचा असतो, तो भूल दिल्यावरही तसाच राहतो. बोट्युलिनम टॉक्सिनचं, म्हणजे बोटॉक्सचं इंजेक्शन ताठरपणावर काम करतं आणि त्याचा असर साधारण तीनचार महिने टिकतो. आखडून तोकड्या झालेल्या स्नायूला ते लांब करत नाही. त्यासाठी ओळीने प्लास्टर बदलत जाणं, रोज बराच वेळ एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल सरळ धरून ठेवणारं स्प्लिंट घालणं, आणि वेळ आलीच तर शस्त्रक्रिया. दिवसातून दोनदा काही मिनिटं हाताने पाय ताणल्याने स्नायूची लांबी टिकाऊपणे वाढत नाही, असंच अभ्यासांत दिसून आलं आहे. हे वाचलं त्या रात्री मी तिच्या पायांशी बसून खूप रडले.

मग काय उपयोगी पडतं? मुलाने स्वतः केलेली हालचाल, त्याला हव्या असलेल्या कामासाठी, पुन्हा पुन्हा. बाही चढवायला शिकायचं असेल तर बाहीच चढवून बघायची. टेबलावर पडून हात वरखाली करून बाही येत नाही. एका बाजूची सीपी असलेल्या मुलांत चांगल्या हाताला रोज काही वेळ मोजा घालून अडकून पडलेल्या हाताला खेळायला लावतात, त्याचा चांगला गुण येतो. दोन्ही हात लागतील अशा खेळांचाही येतो. आमच्याकडे मुलीला मांजराला खाऊ घालायचा होता. तीन महिने आमची ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे एक वाटी, एक चमचा आणि ते मांजर. एवढ्यानेच तिची मूठ उघडायला लागली.

‘चालेल का?’

हा प्रश्न सगळे विचारतात आणि विचारायलाच हवा. त्याचं उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा बरं साधन आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 साली मुलांच्या हालचालीच्या पाच पायऱ्या ठरवल्या. त्यांना जीएमएफसीएस म्हणतात. पहिल्या पायरीची मुलं चालतात, धावतात, फक्त वेग आणि तोल थोडा कमी पडतो. दुसरीची चालतात, पण जिन्याला कठडा लागतो, लांबच्या अंतराला अडतात. तिसरीची वॉकर किंवा कुबड्या धरून चालतात. चौथीची मुख्यतः चाकांवर फिरतात. पाचवीच्या मुलांना मान आणि धड सावरायलाही आधार लागतो. त्याच गटाने 2002 साली शेकडो मुलांची वाढ मांडून दाखवलं की मोठ्या हालचालींतलं जे काही मूल मिळवणार असतं, त्यातलं सुमारे 90 टक्के ते पाचव्या वर्षाच्या आसपास मिळवतं. चौथ्या-पाचव्या पायरीची मुलं त्याहूनही आधी. दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसणारं मूल पुढे चालण्याची शक्यता चांगली असते.

माझी मुलगी चौथ्या पायरीवर आहे, हे मला ती सहा वर्षांची असताना कळलं. पहिला आठवडा मी कुणाशी बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, बरं झालं. तोवर तिचा सगळा दिवस चालण्याच्या व्यायामात जात होता आणि खेळायला, वाचायला, कुणाच्या मागे जायला तिच्याकडे वेळच नव्हता. व्हीलचेअर घेणं म्हणजे हरणं, असं आमच्या घरात मानलं जात होतं. ती घेतली त्या दिवशी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापासून आपणहून लांब गेली. दाराबाहेर गेली, थांबली, आणि मागे वळून बघितलं. ज्याला स्वतः फिरता येत नाही त्या लहान मुलाला चाकं लवकर दिली तर त्याची बुद्धी, कुतूहल, दुसऱ्यांशी वागणं यांना चालना मिळते, आणि त्यामुळे चालण्याची इच्छा मरते असं दिसलेलं नाही.

पायरीचा आणखी एक उपयोग आहे, आणि या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर पालकांनी ही ठेवावी: खुबा.

जन्मतः खुब्याची खोबण उथळ असते. मूल उभं राहतं, चालतं, वजन टाकतं, तेव्हा मांडीच्या हाडाचा गोळा त्या खोबणीत दाबला जातो आणि ती खोल होत जाते. सीपीत अनेकदा हे वजन पुरेसं पडत नाही, आणि मांड्या आतल्या बाजूला ओढणारे स्नायू ताठर असल्याने गोळा हळूहळू बाहेर सरकतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीपी असलेल्या सुमारे 35 टक्के मुलांचे खुबे सरकलेले आढळले. पहिल्या पायरीवर एकही नाही, तिसरीवर 41 टक्के, चौथीवर 69, पाचवीवर 90. सुरुवातीला दुखत नाही. बाहेरून दिसत नाही. लंगोट बदलताना मांड्या पुरत्या उघडत नाहीत, एवढीच काय ती खूण, आणि कधी तीही नसते. दुखायला लागतं तेव्हा बऱ्याचदा फार उशीर झालेला असतो.

उपाय साधा आहे. पायरीनुसार ठरावीक काळाने खुब्यांचा एक्स-रे. गोळ्याचा किती टक्के भाग खोबणीबाहेर आहे ते त्यावर मोजतात, आणि 30च्या वर गेला की हाडांच्या डॉक्टरांनी बघायलाच हवं. दक्षिण स्वीडनमध्ये 1994 पासून सीपी असलेल्या सगळ्या मुलांवर अशी नजर ठेवली गेली आणि तिथे खुबा पूर्ण निखळण्याचं प्रमाण जवळपास नाहीसं झालं. आम्ही दोन वर्षं ज्या दवाखान्यात आठवड्याला तीनदा जात होतो, तिथे एकदाही कुणी हा एक्स-रे सांगितला नाही. मुलीचा डावा खुबा तेव्हा सरकत होता. वेळेत कळलं ते दुसरीकडे दुसऱ्याच कामासाठी गेलो म्हणून. मूल तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या पायरीवर असेल आणि वर्षभरात खुब्याचा एक्स-रे झाला नसेल, तर पुढच्या भेटीत तुम्हीच विषय काढा. संकोच करू नका.

दुखण्याबद्दलही बोलायला हवं. सीपी असलेल्या चारातल्या तिघांना कुठे ना कुठे दुखत असतं. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याला आपण चटकन ‘चिडकं’ म्हणतो. आधी शोधावं: पोट साफ आहे का, जेवल्यावर छातीत जळजळतं का, दात किडलाय का, स्प्लिंट कुठे काचतंय का, खुबा दुखतोय का. आमच्याकडे दोन महिन्यांच्या रात्रीच्या रडण्याचं कारण बद्धकोष्ठ निघालं.

जेवणाचंही असंच आहे. मान मागे टाकून भरवलं तर घास श्वासनलिकेकडे जायची भीती वाढते. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास लहान, आणि पहिला गिळल्यावरच दुसरा. एकेक जेवण अर्ध्या तासाच्या वर जात असेल, वजन वाढत नसेल, छातीत सारखा कफ होत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. काही मुलं घास चुकीच्या नळीत गेला तरी ठसकतसुद्धा नाहीत. अशा वेळी पोटात नळी बसवायचा सल्ला मिळाला तर तो आपल्या भरवण्याचा पराभव नाही. मूल पोटभर खाऊन शांत झोपतं, हे मी दोन घरांत जवळून बघितलं आहे.

आता बोलणं, कारण इथे मुलांवर सगळ्यांत मोठा अन्याय होतो.

सीपी असलेल्या चारातलं एक मूल बोलू शकत नाही. बोलायला जीभ, ओठ, टाळू, श्वास यांची बारीक हालचाल लागते, आणि हालचालच तर अडलेली असते. त्याचा समजण्याशी संबंध असेलच असं नाही. निम्म्या मुलांना बुद्धीचं अपंगत्व नसतं, पण लाळ गळते, मान डुलते, उत्तर यायला वेळ लागतो, आणि समोरचा माणूस मुलाला सोडून आईशी बोलायला लागतो. टोरांटोतल्या एका केंद्रात 1971 साली शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेने अशा न बोलणाऱ्या मुलांना चिन्हांचे तक्ते दिले. ती चिन्हं चार्ल्स ब्लिस यांनी खरं तर वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून तयार केली होती. मुलं बोटाने, मुठीने, नजरेने चिन्हं दाखवून वाक्यं करू लागली. आज चित्रांचे तक्ते आहेत, नजरेने चालणारे कॉम्प्युटर आहेत. ‘तक्ता दिला तर बोलायचा आळस करेल’ ही भीती अनेकांना वाटते, पण अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतं.

सुरुवात महागड्या यंत्राने करायची गरज नसते. मुलाची ‘हो’ची आणि ‘नाही’ची खूण शोधा, आणि घरातल्या सगळ्यांनी तीच पाळा. आमची मुलगी ‘हो’साठी नजर वर करते, ‘नाही’साठी डोळे मिटते. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजा. मला ते दहा अंक पाळायला फार जड गेले, आधी मी दोनावरच तिचं उत्तर देऊन टाकायचे. तक्ता मुलापुढे ठेवून गप्प बसू नका, आपण बोलताना आपणही चित्रांवर बोट ठेवत जा. कुठल्याही बाळाने भाषा ऐकूनच शिकायची असते, तशी ही बघून शिकायची. सातव्या वर्षी तिने तक्त्यावर पहिल्यांदा तीन चित्रं ओळीने दाखवली: आई, पाय, थांब.

तेव्हापासून ती सांगेल त्याप्रमाणेच तिच्या पायांना हात लावते.

निदान किती लवकर होऊ शकतं, हे थोडक्यात सांगते, कारण ‘थांबून बघू’ हे वाक्य अजूनही फार ऐकू येतं. तीन ते पाच महिन्यांचं निरोगी बाळ उताणं पडलेलं असताना त्याच्या सगळ्या अंगात बारीक, सतत, चुळबुळल्यासारख्या हालचाली चालू असतात. हाइन्झ प्रेख्टल या डॉक्टरांनी दाखवलं की त्या नसणं ही सीपीची मोठी खूण आहे. त्या तपासणीला एमआरआय आणि तपासण्याच्या ठरलेल्या पद्धतींची जोड मिळाली की धोका असलेल्या अनेक बाळांत सहा महिन्यांच्या आत निदान करता येतं. कमी दिवसांच्या बाळाचं वय मात्र जन्मापासून नाही, बाळंतपणाच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजायचं. घरी लक्ष ठेवायच्या गोष्टी: चार महिन्यांनंतरही मूठ सतत बंद, नऊ महिन्यांना बसता न येणं, आणि वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर. ‘आमचं बाळ आत्तापासूनच डावखुरं’ असं कौतुकाने सांगितलं जातं, पण एवढ्या लहान वयात हात ठरायचा नसतो.

पूर्ण बरं करण्याची हमी देणारे लोक तुम्हाला भेटतील. तुम्ही थकलेले असाल तेव्हाच भेटतील. कॅनडात 111 मुलांना दाबाखालच्या ऑक्सिजनचे किंवा किंचित दाबाखालच्या साध्या हवेचे उपचार देऊन तुलना केली गेली, तो अभ्यास 2001 साली छापून आला. दोन्ही गट सारखेच सुधारले. मुलं वाढत असतात, आपण लक्ष देत असतो, त्यामुळे सुधारणा तर दिसतेच. श्रेय मात्र जो पैसे घेतो तो लाटतो. कुठल्याही नव्या उपचाराच्या आधी एवढंच विचारा: यानंतर माझं मूल रोजच्या आयुष्यात नेमकं काय करू शकेल, आणि किती दिवसांत कळेल? ठोस उत्तर नसेल तर उठून घरी या.

आणि आपली पाठ. मुलाचं वजन वाढतं, उचलणारा माणूस तोच राहतो. मी पस्तिशीत मणक्याचं दुखणं घेऊन बसले, कारण उचलायचा पट्टा मला चैन वाटायचा. तो पहिल्या वर्षीच घ्यायला हवा होता. घरातल्या मोठ्या भावाला आम्ही ‘समजूतदार’ म्हणत आलो आणि त्याच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला चार वर्षं दोघे मिळून गेलो नाही. आता महिन्यातला एक दिवस त्याचा असतो, त्या दिवशी थेरपी बंद.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती भराभर उंच होईल, म्हणजे पुन्हा हाड पुढे आणि स्नायू मागे. यावेळी खुब्यांबरोबर पाठीच्या कण्यावरही लक्ष ठेवायचं आहे, कारण याच वयात तो वाकडा होऊ लागतो. एएफओ दोन महिन्यांत लहान पडला, परवा नवं माप दिलं. त्याचा रंग कोणता, हे विचारल्यावर तिने सात पट्ट्यांवरून नजर फिरवली, आम्ही दहा अंक मोजले, आणि तिने जांभळा निवडला.